रक्तांतील बखर

वरूडच्या शिवारांतून उत्तरेस पाहिलें म्हणजे संत्र्यांच्या बागांपलीकडे सातपुड्याची रांग दिसते. तीच पश्चिमेस मेळघाटांत जाते, आणि तेथें कोरकूंची वस्ती आहे. १८०३ च्या डिसेंबरांत वेलस्लीनें गाविलगड घेतला, याची तपशीलवार हकीकत आपणांस वाचावयास मिळते. पण त्या किल्ल्याखालच्या दऱ्यांत पिढ्यानुपिढ्या नांदलेल्या माणसांची बखर कोणी लिहिली नाहीं. त्यांच्या इतिहासाचें एक अस्सल साधन मात्र शिल्लक आहे, आणि तें कोणत्याही दप्तरांत नसून त्यांच्या रक्तांत आहे.

सातपुड्याच्या तटबंदीचें काम हिंवतापानें केलें. पावसाळा संपतांना या जंगलांत मुक्काम करणें परक्या अंमलदारास जिवावरचें वाटे. मग तेथेंच जन्मलेलीं माणसें टिकलीं कशीं? ‘सवय झाली’ एवढ्यानें हा प्रश्न सुटत नाहीं. थॅलेसीमिया या रक्तदोषाचा आणि हिंवतापाचा संबंध असावा असा तर्क हाल्डेन यांनीं १९४९ सालीं केला. १९५४ सालीं अॅलिसन यांनीं पूर्व आफ्रिकेंतील पाहणीवरून, ज्यास लोक सिकलसेल म्हणतात त्या दोषापुरता तसा संबंध दाखवून दिला. हिमोग्लोबिनच्या एका साखळींत सहाव्या जागचा घटक बदलतो, इतकाच काय तो फरक. हें बीज आईबापांपैकीं एकाकडूनच आलें तर माणूस सामान्यतः निरोगी राहतो, आणि बालपणींच्या घातक हिंवतापापासून त्याचें बऱ्याच अंशीं रक्षण होतें. दोघांकडूनही आलें तर लाल पेशी विळ्यासारख्या वांकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हाडांत असह्य कळा येतात. पूर्वीं अशीं मुलें पुष्कळदां लहानपणींच दगावत. म्हणजे कांहीं लेकरांच्या मोबदल्यांत बाकीचीं वांचत. यास ‘अनुकूलन’ असें गोंडस नांव देणाऱ्या ग्रंथांत त्या मुलांच्या आईचा विचार क्वचितच आढळतो.

भारतांत हा दोष १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरी जमातींत आढळला. १९५८ सालीं शुक्ल व सोळंकी यांनीं मध्य भारतांतील त्याचें अस्तित्व ‘लॅन्सेट’मध्यें नोंदविलें. पुढें विदर्भांत जे तपास झाले, त्यांवरून हें बीज केवळ रानांतलें नव्हे असें उघड झालें. गोंड, परधान व कोरकू यांच्यांत तें आहेच. पूर्वीच्या महार, आतां बहुतांशीं बौद्ध झालेल्या समाजांत पुष्कळ आहे. कुणबी-तेल्यांतही कांहीं प्रमाणांत आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें येथें क्षणभर थांबावें. कोरकूंची बोली मुंडा कुळांतली, गोंडांची द्राविडी, बाकीच्यांची आपली वऱ्हाडी. भाषा तीन कुळांच्या. पण या बीजाभोंवतालची आनुवंशिक ठेवण या सर्वांत बहुतांशीं एकच, आणि तीच पूर्व अरबस्तानांतही सांपडते. आफ्रिकेंतील ठेवणी निराळ्या. म्हणून १९८६ सालीं इकडील बीज स्वतंत्रपणें उद्भवलें असें प्रतिपादन झालें. २०१८ सालीं मूळ एकच, तेंही आफ्रिकेंत, असें उलट मत पुढें आलें. तो वाद विद्वान् मिटवोत. तीच ठेवण जातीजातींत वेगवेगळी उपजली असें मात्र मानवत नाहीं. कधीं ना कधीं या लोकांचीं रक्तें मिसळलीं असलींच पाहिजेत, मग वंशावळी कांहींही सांगोत. बीज राखलें हिंवतापानें, पसरविलें माणसांनीं.

१९५३ सालीं राष्ट्रीय हिंवताप नियंत्रण मोहीम सुरू झाली, आणि फवारणीनें रोग पुष्कळ हटला. ढालीची गरज कमी झाली, तिचें ओझें राहिलें. नवराबायको दोघेंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेस चौथाई शक्यता रोगी मुलाची. लग्नापूर्वीं रक्त तपासून घ्यावें, हा यावरचा सरळ उपाय. पण आमच्या शिकल्यासवरल्या घरांत पत्रिका चार ठिकाणीं दाखविली जाते आणि रक्ताचा कागद दडविला जातो; कारण हा रोग ‘त्यांचा’, आपला नव्हे, अशी समजूत! आणि ज्या बीजानें कदाचित् पणजीस वांचविलें, त्याच बीजापायीं निरोगी मुलीचें स्थळ मोडतें.

१ जुलै २०२३ रोजीं शहडोल येथून राष्ट्रीय निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हें तिचें उद्दिष्ट. दोन तपांत, म्हणजे जेमतेम एका पिढींत, रोगी मुलांचे जन्म कमी होऊं शकतील. बीज मात्र वाहकांच्या साधारण निम्म्या लेकरांत उतरतच राहील.