आजीची गोधडी आणि पिंजाऱ्याचा भाव

परवा भाचीबरोबर लोअर परळला गेले होते. एके काळच्या गिरणीच्या आवारात घरसजावटीचं एक दुकान आहे. हातमागाचे पडदे, नैसर्गिक रंगातले उशांचे अभ्रे, आणि लाकडी शिडीवर ऐटीत टाकलेली... गोधडी! जुन्या सुती साड्यांची, हाताने धावदोरा घातलेली. चिठ्ठीवर 'पर्यावरणपूरक', 'हस्तकला' वगैरे आणि खाली पाच आकडी किंमत. "आत्या, अशी आपल्याकडे होती का गं?" भाचीने विचारलं. मी नुसतं हो म्हटलं. पुढचं काही सांगितलं नाही, ते इथे लिहितेय.

आमची लालबागची खोली दहा बाय बाराची. आजोबा गिरणीत साचेखात्यात होते, नंतर बाबाही तिथेच चिकटले. घरात पलंग नव्हता, वळकट्या होत्या. सकाळी गुंडाळायच्या, भिंतीला लावायच्या, रात्री पसरायच्या. गावाहून एकट्याने आलेले गिरणीकामगार ज्या गाळ्यांत राहत, तिथे तर दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रात्रपाळीवाला आडवा व्हायचा. अशा घरात अंथरूण-पांघरूण म्हणजे गोधडीच. दुपारी जेवणं आटोपली की आजी चाळीच्या गॅलरीत बसायची. खाली एक नऊवारी, वर एक नऊवारी, मध्ये आजोबांची विरलेली धोतरं, मांजरपाटाचे तुकडे, आमचे आखूड झालेले फ्रॉक. आधी मोठे टाके घालून सगळं टाचून घ्यायचं. मग कडेपासून धावदोरा सुरू करून गोल गोल फिरत मध्यावर यायचं. एका गोधडीला सहज महिना-दीड महिना लागे. 'सस्टेनेबल' हा शब्द ऐकला असता तर कुठल्या औषधाचं नाव आहे, असं आजीने विचारलं असतं.

गोधडी गिरण्यांपेक्षा कितीतरी जुनी आहे. कावसजी दावरांनी ताडदेवची गिरणी काढली १८५४ साली, तिथे उत्पादन सुरू झालं १८५६ मध्ये. तरी आमच्या घरातल्या गोधडीत कापड सगळं यंत्रावरचं होतं, हाताचा होता तो फक्त टाका. आजोबांच्या साच्यावर जे कापड भराभर निघे ते वापरून विटलं की आजीच्या हाती येई, आणि तिथून पुढे घाई संपे.

यंत्र की हात, या वादातला एक मोठा प्रसंग आमच्याच भागात घडलाय. १९१८-१९ च्या सुमारास गांधीजी आजारपणात मुंबईत होते, गिरगावला लागून असलेल्या गावदेवीत, रेवाशंकर झवेरींच्या मणिभवनात. हातसुतासाठी पेळू हवे होते आणि ते मिळत नव्हते. घरावरून रोज एक पिंजारी जायचा, गाद्यांसाठी कापूस पिंजणारा. त्याला वर बोलावलं. तो पेळूंसाठी कापूस पिंजून द्यायला तयार झाला, पण भाव चढा मागितला. गांधीजींनी तो दिला! आत्मकथेत त्यांनीच हे लिहिलंय. मुंबईत सुताला दिलेला दर विजापूरच्या दराशी ताडून पाहिला तेव्हा आपण ठकलो हे कळलं, खादीचं अर्थशास्त्र तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हतं, अशी कबुलीही दिलीय. मला मात्र त्या पिंजाऱ्याचं कौतुक वाटतं. आपल्या हाताची किंमत त्याने स्वतः ठरवली आणि समोर कोण बसलंय ते न बघता सांगितली.

त्यानंतर ३१ जुलै १९२१ ला, टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, परळला उमर सोबानींच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात परदेशी कापडाची प्रचंड होळी झाली. दीनबंधू अँड्र्यूजना ती पटली नव्हती, गांधीजींनी त्यांना 'यंग इंडिया'तून उत्तर दिलं. त्या वादात पडत नाही, पण आजी तिथे असती तर तिने आधी सुती काय आहे ते बाजूला काढून घेतलं असतं, एवढं नक्की.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात बाबाही. पहिले काही महिने साठवणीवर गेले, मग आईची पाटली गेली. तेव्हा आजीने शेजारच्या चाळीतल्या एका बाईंना दोन गोधड्या शिवून दिल्या. कापड त्यांचं, शिलाई हिची. दोन-अडीच महिन्यांचं काम. मजुरी विचारली तर आजी म्हणाली, "द्या काय ते." वीस रुपये आणि एक जुनी साडी मिळाली. आई चिडली. आजी म्हणाली, "टाक्याचा कुठं दर असतो का गं?" ज्या घरात मीटरवर, पाळीवर, बदलीवर मजुरी मोजायचं सगळ्यांना कळत होतं, त्या घरातल्या बाईला आपल्या टाक्याचा दर सांगता आला नाही! हे मला तेव्हा कळलं नव्हतं, परवा त्या शिडीपुढे कळलं.

आजी गेल्यावर तिने गोधडीसाठी बाजूला ठेवलेल्या चार सुती नऊवाऱ्या ट्रंकेत सापडल्या. आईने त्या बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं घेतलं. तिला मी दोष देत नाही. शिवणार कोण? तोवर आम्ही टेरिलीन, नायलॉन नेसू लागलो होतो, त्याची गोधडी होत नाही, घाम शोषत नाही नि टाका सरकतो. पांघरायला सोलापुरी चादरी होत्याच. १९९१ नंतर नियम बदलले, गिरण्यांच्या जमिनी विकायला मोकळ्या झाल्या आणि परळच बदललं.

दुकानातल्या मुलीला मी विचारलं, ही शिवणाऱ्या बाईला किती मिळतात? ती गोड हसली. "मॅडम, ते आम्हाला माहीत नसतं, माल तयार येतो." खरं असेल. किंमत मला जास्त वाटली नाही, उलट महिन्याची मजुरी धरली तर ठीकच होती, ती जर शिवणारीपर्यंत पोचत असेल तर.

भाचीला आता गोधडी शिवायचीय. तिला म्हटलं, शिकवते, पण लागलेले तास वहीत लिहून ठेवायचे. रविवारी कपाट उपसलं. माझ्या सुती साड्या पाच निघाल्या, त्यातल्या दोन अजून नेसण्याजोग्या आहेत.