नर्मदेसाठी भोपाळच्या दारी

इंदूर नगरपालिकेची स्थापना १८७० सालची. तेव्हापासून १९४८ पर्यंत शहराचे गाऱ्हाणे ऐकणारा दरबार शहरातच होता. पालिकेला रस्ता हवा, तलाव हवा, तर अर्ज राजवाड्याच्या दिशेने जाई. सर पॅट्रिक गेडिस यांना नगररचनेसाठी पाचारण करणारा आणि त्यांचा दोन खंडांतील अहवाल १९१८ मध्ये स्वीकारणारा होळकर दरबारच होता. प्लेगच्या त्या दिवसांत गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न नेता, जेथील घरे रहिवाशांनी स्वच्छ केली होती अशा रस्त्यांवरून नेली. पुढे १९३९ च्या सुमारास गंभीर नदीवर यशवंतसागर बांधला गेला आणि शहराच्या पाण्याची चिंता काही वर्षांपुरती मिटली.

मध्य भारत राज्यात उन्हाळी राजधानीचा मान तरी इंदूरकडे होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश अस्तित्वात आला आणि राजधानी भोपाळला गेली. त्याच वर्षी इंदूरला महानगरपालिका मिळाली. दर्जा वाढला, दरबार मात्र दूर गेला. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींना या दोन घटनांतील विरोधाभास चांगलाच जाणवला होता.

गिरण्यांचे शहर वाढत होते आणि यशवंतसागर, बिलावली ही पाण्याची ठिकाणे अपुरी पडू लागली. नर्मदा फार लांब नव्हती. महेश्वर-मंडलेश्वर हा तर अहिल्याबाईंच्या वास्तव्याने आपल्या घरचाच प्रदेश. परंतु मंडलेश्वरजवळील जलूदहून पाणी आणायचे म्हणजे सुमारे ७० किलोमीटर नळ टाकायचे आणि विंध्याचा घाट चढवून ते जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच उचलायचे. हा खर्च घरपट्टी आणि जकातीवर चालणाऱ्या पालिकेच्या आवाक्यातला नव्हता. शिवाय १९६९ च्या ऑक्टोबरात नर्मदा जलविवाद लवाद नेमला गेल्याने नदीच्या पाण्याचा प्रश्न राज्याराज्यांतील झाला होता. पालिकेने ठराव करावा, तो भोपाळला पाठवावा, आणि तेथून ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे उत्तर यावे! आम्ही शासकीय सेवेत आयुष्य घालविले असल्याने या उत्तराचा अर्थ जाणतो. ज्या प्रकरणामागे कोणी उभे नाही, ते कितीही न्याय्य असले तरी खालच्या कप्प्यात जाते. यात दरवेळी दुष्टपणा असतोच असे नाही; पुढ्यातल्या शंभर न्याय्य प्रकरणांतून पैसा मोजक्यांनाच पुरतो.

१९७० च्या जुलै-ऑगस्टमध्ये इंदूर नागरिकांच्या रूपाने उभे राहिले. सभा, मोर्चे, बंद असे हे आंदोलन सुमारे दीड महिना चालले. अभ्यास मंडळाचे मुकुंद कुलकर्णी यांचे नाव त्यात अग्रभागी घेतले जाते, ही आपल्या समाजाला अभिमानाची गोष्ट. मात्र ते आंदोलन मराठी मंडळींचे नव्हते, साऱ्या शहराचे होते, आणि म्हणूनच त्याला वजन आले. ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री श्यामाचरण शुक्ल यांनी योजना मान्य केल्याची घोषणा केली. पहिल्या टप्प्याचे पाणी शहरात यायला मात्र १९७८ उजाडले.

आंदोलनानेच पाणी आणले, असे म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. आम्हांस ते अर्धेच खरे वाटते. घोषणा रस्त्याने मिळविली. पण घोषणेनंतरची आठ वर्षे अभियंत्यांच्या आराखड्यांची, मंजुऱ्यांची आणि निधीच्या तरतुदींची होती. त्या वर्षांचा कोणी उत्सव करीत नाही.

पाणी आले, तशी नवी याचनाही आली. घाट चढविण्यासाठी लागणाऱ्या विजेचे देयक पालिकेच्या मानगुटीवर बसले. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पाणीपुरवठा हा नागरी संस्थांच्या विषयांच्या यादीत आला खरा, परंतु यादीबरोबर पैसा आला नाही. योजनेचे टप्पे वाढत गेले आणि देयकही वाढले.

अखेर फेब्रुवारी २०२३ मध्ये महानगरपालिकेने २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे खुल्या बाजारात विकावयास काढले. मागणी कितीतरी अधिक आली. हा पैसा जलूदजवळच्या ६० मेगावॉटच्या सौरप्रकल्पासाठी होता. नर्मदेचे पाणी उचलणाऱ्या पंपांच्या विजेचा खर्च त्यातून भागवावा, हा त्यामागील हिशेब. त्या खर्चापायी हात पसरायला यावेळी पालिका भोपाळला गेली नव्हती.