खुकुरी नक्की कुणाची?

बचत गटांच्या या कार्यक्रमात आज आम्ही एका हत्याराचा इतिहास सांगणार आहोत. हत्यार म्हटलं म्हणून लगेच लढाई डोळ्यांपुढे आणू नका. आपण घरातल्या कोयत्याला, कुऱ्हाडीलाही हत्यारच म्हणतो. त्याच अर्थानं आज बोलायचं आहे ते नेपाळच्या खुकुरीबद्दल.

खुकुरी म्हटलं की आपल्याला रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा आठवतो, नाहीतर फोटोतला सैनिक. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावांना नेपाळ आता लांबचा राहिलेला नाही. हापूसच्या बागांत राखणीला आणि बेणणीला दरवर्षी नेपाळी माणसं येतात. काही ठिकाणी नवरा-बायको मुलाबाळांसह बागेतच राहतात. त्या बायकांच्या बोलण्यात हँसिया, खुर्पा, डोको असे शब्द आले आणि आमच्या गटाला उत्सुकता वाटली. विचारत गेलो, वाचत गेलो, तेव्हा कळलं की खुकुरीचा सैन्यातला इतिहास सगळे सांगतात, पण तिचा घरातला आणि रानातला इतिहास फारसा कुणी सांगत नाही. आपल्या कामाचा इतिहास तोच आहे.

आधी वस्तू कशी आहे ते पाहू. मुठीसकट खुकुरी साधारण दीड फुटाच्या आतबाहेर असते. पातं सरळ नसतं, मध्येच पुढच्या बाजूला वाकलेलं असतं. त्यामुळे वजन पुढच्या भागात येतं. हात वर नेऊन खाली आणला की पातं स्वतःच्या वजनानं पडतं आणि मनगटावर जोर कमी येतो. एकाच पात्याचे तीन उपयोग. मुठीजवळच्या अरुंद भागानं बांबू तासायचा, मधल्या रुंद भागानं फांदी तोडायची, टोकानं भोक पाडायचं. मुठीजवळ पात्याला एक छोटी खाच असते. ती कशासाठी, याची उत्तरं अनेक मिळतात. कुणी म्हणतं गाईच्या खुराची खूण, कुणी म्हणतं शिवाचा त्रिशूळ. म्यानाला दाप म्हणतात. त्यात आणखी दोन लहान पाती खोचलेली असतात, कर्द आणि चकमक. कर्द बारीकसारीक कापायला. चकमक बोथट असते, ती धारेवर घासायला आणि गारेवर आपटून ठिणगी पाडायला. चकमक हा शब्द आपल्या आजीच्याही तोंडात होता.

नेपाळच्या डोंगराळ गावात या एका हत्यारानं घरचं निम्मं काम होतं. परसातली झुडपं तोडायची, वाटेवर आलेल्या फांद्या साफ करायच्या, कुंपणाचे खुंट टोकदार करायचे, सरपण फोडायचं, बांबू चिरायचा, दसैंच्या सणाला बकरं कापायचं. पण खुकुरी एकटी नसते, तिला बहिणी आहेत. गवत आणि चारा कापायचा हँसिया म्हणजे आपला विळा. टोकाला वाकलेला जाडजूड खुर्पा म्हणजे आपल्या कोयत्याचा भाऊ. तो कमरेला मागच्या बाजूला एका लाकडी खोबणीत अडकवतात. तिला खुर्पेटो म्हणतात. आपल्याकडे कमरेला आकडी बांधून कोयता अडकवतात, तसंच ते. आणि स्वयंपाकघरात चुलेसी असते. लाकडी पाटाला बसवलेलं पातं, पायानं दाबून धरायचं आणि भाजी चिरायची. म्हणजे आपली विळीच.

आता या हत्यारांचे हात पाहा. पहाटे डोंगर चढणारी नेपाळी बाई कमरेला पटुका गुंडाळते, म्हणजे लांबलचक कापडाचा कमरपट्टा. त्यात हँसिया खोचते. पाठीवर डोको म्हणजे बांबूची टोपली, आणि तिचा भार कपाळावरच्या नाम्लो नावाच्या पट्ट्यावर. घरच्या म्हशीचा चारा, चुलीचं सरपण, गोठ्यातल्या अंथरणाचा पाला, सगळं असं डोक्याच्या जोरावर उतरून येतं. हे काम रोजचं आहे, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे.

मग खुकुरी सैनिकाची कशी झाली? गोरखा राज्य आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात १८१४ ते १८१६ अशी लढाई झाली. डेहराडूनजवळ नालापाणीच्या किल्ल्यात बलभद्र कुंवर थोड्या लोकांनिशी लढला. त्या किल्ल्यात बायका-मुलंही होती, आणि त्यांनी वरून दगड फेकल्याचं नोंदलेलं आहे. शेवटी इंग्रजांनी किल्ल्याचं पाणी तोडलं. लढाई इंग्रजांनी जिंकली, पण डोंगरी माणसाची चिकाटी पाहून १८१५ पासून त्यांनी त्यांनाच आपल्या पलटणींत भरती केलं. शेतकऱ्याचा मुलगा घरचीच सवयीची खुकुरी घेऊन गेला. पुढे ती पलटणीच्या टोपीवर, बिल्ल्यावर आली. जगानं ती तिथे पाहिली आणि तिथलीच मानली.

त्याच काळात काही जण पंजाबात रणजितसिंहाच्या फौजेत, लाहोरला गेले. त्यावरून परमुलखात नोकरीला जाणाऱ्याला ‘लाहुरे’ म्हणू लागले. हा शब्द आजही चालतो. पहिल्या महायुद्धात सुमारे २ लाख नेपाळी पुरुष लढले असं सांगतात. आज तेच पुरुष आखाती देशांत, मलेशियात, आणि आपल्या बागांतही येतात. म्हणजे २०० वर्षं डोंगरातून पुरुष जात राहिले. मग मागे बांधावरचं रान कुणी काढलं? झुडपं कुणी तोडली? मागे राहिलेल्या बायकांनी. गंमत पाहा, नांगर धरायला बाईला तिथे मनाई मानत आले, पण कडेकपारीत चढून फांदी तोडायला कधी मनाई नव्हती.

या इतिहासातून आणखी एक जण गळला आहे, तो म्हणजे खुकुरी घडवणारा. नेपाळात लोहाराला कामी किंवा विश्वकर्मा म्हणतात आणि त्याच्या भट्टीला आरन. पूर्व नेपाळातला भोजपूर जिल्हा खुकुरीसाठी नावाजलेला आहे. आजकाल बरीच पाती जुन्या गाड्यांच्या कमानीच्या पट्ट्यांपासून होतात. लोखंड लाल करायचं, ऐरणीवर ठोकायचं, पुन्हा तापवायचं. शेवटचं काम सगळ्यांत नाजूक. तापलेलं पातं पाण्यात बुडवत नाहीत. किटलीच्या तोटीनं फक्त धारेवर पाण्याची बारीक धार सोडतात. त्यामुळे धार कडक होते आणि पाठ जरा मऊ राहते. म्हणून खुकुरी लाकडावर आपटली तरी सहसा मोडत नाही. मूठ लाकडाची किंवा म्हशीच्या शिंगाची असते.

या कामाची मजुरी कशी मिळायची? रोख नाही. वर्षभर घरोघरच्या हत्यारांना धार लावायची, नवी घडवायची, आणि पीक आल्यावर ठरलेलं धान्य घ्यायचं. या पद्धतीला बालीघरे म्हणतात. बाली म्हणजे पीक. आपल्याकडच्या बलुत्याची आठवण झाली ना? गावगाड्यातला आपला लोहारही असाच खळ्यावर धान्य घ्यायला यायचा.

पण नेपाळात या लोहारावर १८५४ च्या मुलुकी ऐन नावाच्या कायद्यानं मोठा शिक्का मारला. जंगबहादूर राणाच्या काळातल्या या कायद्यात जातींची उतरंड लिहून काढली होती. कामी, सार्की, दमाई यांना तळाला ठेवलं होतं, त्यांच्या हातचं पाणी चालत नसे. पात्याला पाणी द्यायला तो हवा, पण त्याच्या हातचं पाणी नको. दसैंच्या नवमीला घरोघर हत्यारांची पूजा होते, जशी आपल्याकडे खंडेनवमीला होते. त्या दिवशी खुकुरीला टिळा लागे, पण ती घडवणाऱ्याला उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागे. १९६३ च्या नव्या ऐनातून हा जातिभेद काढला गेला. जातीवरून भेदभाव करणाऱ्याला शिक्षा देणारा वेगळा कायदा २०११ मध्ये आला. कायदा आल्यानं मनं लगेच बदलतात असं नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता रानाकडे येऊ. नेपाळ सरकारनं १९५७ मध्ये खाजगी जंगलं ताब्यात घेतली. जंगल सरकारचं झालं तसं गावानं त्याची काळजी घेणं सोडलं आणि डोंगर उघडे पडू लागले. मग हळूहळू धोरण बदललं. १९९३ च्या वन कायद्यानं जंगल सांभाळायचा आणि त्यातून सरपण-चारा घ्यायचा हक्क गावच्या उपभोक्ता समूहांना दिला. आज असे २२ हजारांहून जास्त समूह आहेत. उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेल्या एका अंदाजानुसार १९९२ मध्ये देशाचा सुमारे २६ टक्के भाग जंगलाखाली होता, तो २०१६ पर्यंत सुमारे ४५ टक्के झाला. समूहाच्या कार्यकारिणीत निम्म्या बायका असाव्यात, असंही पुढे सरकारी मार्गदर्शिकेत आलं.

या समूहांचं काम कसं चालतं, ते आपल्या गटांनी ऐकण्यासारखं आहे. ठरलेल्या दिवशी घरटी एक माणूस हत्यार घेऊन येतं. झुडपं काढायची, दाटीतली वाकडी रोपं विरळ करायची, चांगलं झाड राखायचं. निघालेलं सरपण वाटून घ्यायचं. तिथली मोठी डोकेदुखी म्हणजे बनमारा, परदेशातून आलेलं झुडूप. बनमारा म्हणजे वन मारणारं. त्यातलंच एक कोकणात आपल्या डोंगरांवर माजलं आहे, आपण त्याला रानमोडी म्हणतो. दोन मुलखांतल्या लोकांनी एकमेकांना न विचारता एकाच झुडपाला एकाच अर्थाची नावं ठेवली. फुलं येण्याआधी ते काढायचं, नाहीतर बी वाऱ्यावर जातं. नुसतं वरून छाटलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं, म्हणून मुळासकट उपटावं लागतं.

काम करताना पाळायच्या चार गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत. म्यानातून खुकुरी काढताना म्यान पाठीच्या बाजूनं धरायचं, धारेच्या बाजूला बोटं न्यायची नाहीत, कारण म्यान झिजलं असेल तर पातं आरपार येतं. वार अंगापासून दूर जाईल असा करायचा. दोघींमध्ये वारापेक्षा जास्त अंतर ठेवायचं. आणि बुंधा तोडताना तिरका टोकदार खुंट मागे ठेवायचा नाही, कारण तो उद्या कुणाच्या तरी पायात जातो.

मैत्रिणींनो, एवढं सगळं नेपाळचं का सांगितलं? आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. हात चार, हत्यारं दोन, पण हिशोब एका कोयत्याचा, आणि मुकादमाची बोलणी बहुधा नवऱ्याशीच. नेपाळात खुकुरीच्या नावानं सैनिक मोठा झाला आणि डोंगरावरची बाई व आरनातला लोहार दिसेनासे झाले. हत्यार तेच असतं, पण नाव कुणाचं लागतं यावर मजुरी, मान आणि हक्क ठरतात.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या घरातलं एकेक हत्यार घ्या आणि वहीत तीन गोष्टी लिहा. ते कुणी घडवलं, रोज कुणाच्या हातात असतं, आणि त्या कामाचा पैसा कुणाच्या नावावर येतो. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना आणि लोहाराच्या घरच्यांना बोलावून विचारा. त्यांना आठवतं तेवढं सगळं लिहून ठेवा. आपल्या गावाचा हा इतिहास अजून कुठल्या पुस्तकात आलेला नाही, तो आपल्यालाच लिहायचा आहे.