खुलताबादचा घाट आणि तात्यांची सायकल

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त अगदी साधं आहे. मागच्या रविवारी सायकलवरून खुलताबादला जाऊन आलो, आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

ताईला कळल्यावर तिचा लगेच फोन. "पंचावन्न वर्षांचा घोडा झालास. दारात गाडी आहे. आणि सायकलवर खुलताबाद? लोक काय म्हणतील?"

हे "लोक काय म्हणतील" आमच्या घरातले फार जुने पाहुणे आहेत. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. आधी रस्ता.

तसा मी रोजचाच सायकलवाला. गेली सहा वर्षं ऑफिसला सायकलनेच जातो. सात किलोमीटर जाणं, सात येणं. त्यात शौर्य वगैरे काही नाही. टिफिन कॅरियरला बांधायचा, पँटच्या पायाला क्लिप लावायची आणि निघायचं. पावसात भिजतो, मे महिन्यात भाजतो, तरी ऑफिसात पोचतो तेव्हा डोकं साफ झालेलं असतं. पण खुलताबाद म्हणजे शहरापासून पंचवीस किलोमीटर, आणि शहरापेक्षा अडीचशे मीटर तरी उंच. एसटीत बसून हा रस्ता मी शेकडो वेळा पाहिला होता. तो चढतो हे मला माहीत होतं, पण ते कुठे कुठे आणि किती, हे पायांना माहीत नव्हतं.

पहाटे पाचला निघालो. छावणी, पडेगाव, मिटमिटा. इथवर रस्ता सपाट वाटतो. वाटतो म्हणतोय, कारण सायकलवर कळतं की तो हळूच चढतोय. मग समोर देवगिरीचा डोंगर दिसायला लागतो, दोन्ही बाजूंना सीताफळ-पेरूवाल्यांच्या रिकाम्या टपऱ्या लागतात (हंगाम असता तर मी पुढे गेलोच नसतो :-)) आणि रस्ता किल्ल्याच्या बाहेरच्या तटात, अंबरकोटात शिरतो. पुढे त्याच तटाच्या दरवाजातून तो घाटाकडे निघतो. समोरून ट्रक आला की थांबावंच लागतं. मी थांबलो, पाणी प्यायलो, आणि इब्न बतूता आठवला.

शाळेत आपण सगळेच शिकलो की मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. वेडा महंमद, तुघलकी कारभार, दोन मार्कांचं उत्तर. पण त्यानंतर काही वर्षांनी हा मोरोक्कोचा प्रवासी इथे आला आणि त्याने या वाटेबद्दल जे लिहून ठेवलंय ते पेपरात कधी आलं नाही. दिल्ली ते दौलताबाद चाळीस दिवसांची वाट, तो सांगतो, आणि दोन्ही बाजूंना इतकी झाडं की बागेतून चालल्यासारखं वाटावं. वाटेवर डाकेच्या चौक्या, प्रत्येक मैलाला तीन. चौकीत धावपटू कंबर कसून बसलेले. धावणाऱ्याच्या एका हातात टपाल आणि दुसऱ्या हातात एक काठी, तिच्या टोकाला तांब्याच्या घंट्या. घंट्यांचा आवाज ऐकला की पुढच्या चौकीतला माणूस उठून तयार व्हायचा. सुलतान दौलताबादला असला की त्याच्या पिण्यासाठी गंगेचं पाणीसुद्धा असंच चाळीस दिवसांची वाट तुडवत यायचं.

सुलतानाचं नाव आपल्याला पाठ आहे. पाणी आणणाऱ्यातल्या एकाचंही नाही.

दरवाजाखाली उभं राहून मी उगाच सायकलची घंटी वाजवली. कमानीत छान घुमली. कुणी उठून तयार झालं नाही.

इथून पुढे खरा घाट. माझ्या सायकलला एकवीस गिअर आहेत, तरी दुसऱ्या वळणावर उतरलो. एक पेपरवाला त्याच्या काळ्या सायकलवरून उभ्याने पॅडल मारत शांतपणे पुढे निघून गेला आणि जाता जाता म्हणाला, "उतर के चलो साब, घाट है, शरम कायकी?" मी ऑलरेडी उतरलेलोच होतो.

त्या काळ्या सायकलचं गणित सांगतो, कारण ते या लेखात लागणार आहे. वजन वीसेक किलो. पुढच्या चक्क्याला चव्वेचाळीस किंवा अठ्ठेचाळीस दात, मागे फ्रीव्हीलला अठरा. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच-सहा मीटर पुढे पडते. सपाटीला हे झकास. घाटात मात्र प्रत्येक फेऱ्याला अंगाचं सगळं वजन पॅडलवर टाकावं लागतं. उतारावर वेगळाच प्रश्न: लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर नुसतेच घासतात, सायकल काही थांबत नाही. ही सायकल मुळात सपाट मुलखासाठी घडवलेली. आधी ती विलायतेहून यायची. मग १९३९ मध्ये मुंबईत हिंद सायकल निघाली, आणि स्वातंत्र्यानंतर आसनसोलची सेन-रॅले, सोनपतची ॲटलस (१९५१), लुधियानाची हिरो (१९५६). त्यांनी ती गावोगाव पोचवली. शिक्षक, पोस्टमन, ग्रामसेवक, दूधवाले, सगळ्यांकडे तीच, मग गाव सपाटीवर असो की घाटावर.

चढ संपल्यावर कागजीपुरा लागतो. तुघलकाच्या काळात कागद बनवणारे कारागीर इथे येऊन वसले असं सांगतात. त्यांचा हातकागद, आपल्याकडच्या जुन्या दप्तरांत ज्याला दौलताबादी कागद म्हणतात तो, पुढे शेकडो वर्षं चालला. म्हणजे राजेरजवाड्यांचे हुकूम ज्यावर लिहिले गेले तो कागदही कुणीतरी हाच घाट उतरवून नेला असणार. बैलावर, नाहीतर डोक्यावर.

आणि मग खुलताबाद. जुनं नाव रौझा. तुघलकाच्या आगेमागे आलेले सूफी संत इथे राहिले, इथेच गेले, आणि त्यांच्या सावलीत आपलीही कबर असावी असं पुढच्या मोठमोठ्या लोकांना वाटत राहिलं. मलिक अंबर, ज्याने १६१० मध्ये खडकी म्हणजे आपलं शहर वसवलं, तो १६२६ पासून इथे आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह दौलताबादच्या कैदेत १६९९ मध्ये वारला, तोही इथे. ज्याने त्याला कैदेत टाकलं तो औरंगजेबही इथेच. हैदराबादचा पहिला निजाम १७४८ मध्ये गेला, तोही इथेच. कैदी, जेलर आणि जेलरचा सुभेदार असे एका गावात शेजारी झाले.

औरंगजेब गेला ३ मार्च १७०७ रोजी, अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर). तिथून खुलताबाद सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. कबर उघडी, मातीची. भोवतीची संगमरवरी जाळी फार नंतरची, निजामाच्या अमदानीतली. मृत्यूनंतर बादशहाला 'खुल्द-मकाँ' म्हणू लागले आणि त्यावरून रौझ्याचं खुल्दाबाद झालं. साधेपणाची ही गोष्ट सगळे सांगतात. पण मार्चच्या उन्हात तो जनाजा सव्वाशे किलोमीटर आणताना शेवटी हा चढ आला तेव्हा खांदेकऱ्यांचं काय झालं असेल, हे मला आजवर कधी सुचलं नव्हतं. त्यासाठी पोटऱ्या दुखाव्या लागतात.

आता तात्यांबद्दल.

आमचे तात्या वेरूळच्या शाळेत शिक्षक आणि आम्ही राहायचो खुलताबादला. मधे चार-पाच किलोमीटर, आणि तोही घाटच. सकाळी उतार, संध्याकाळी चढ. मागे कॅरेजला वह्यांचा गठ्ठा, डोक्याला टॉवेल. वर्षानुवर्षं त्यांनी हा घाट ॲटलस सायकलवर केला. घरी आले की ओट्यावर बसून आधी तांब्याभर पाणी प्यायचे, मग बोलायचे. तात्यांनी आमच्यासाठी फार हाल काढले, हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा म्हटलं गेलं की ती सायकल म्हणजे आमच्या गरिबीचा फोटोच होऊन बसली.

१९८४ साली बदली झाली आणि आम्ही शहरात आलो. मी नववीत. पालकसभेला तात्या सायकलवर आले. बाकीच्यांचे वडील स्कूटरवर. मी गेटपाशी जाऊन त्यांना म्हणालो, "तात्या, सायकल पलीकडच्या गल्लीत लावा ना." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गल्लीत नेऊन लावली. पुढच्या सभेला ते चालत आले. वर्षभरात हप्त्यावर लुना आली, आणि सायकल आधी परसात आणि मग भंगारात गेली. लोक काय म्हणतील, हे आमच्या घरात पहिल्यांदा मी म्हणालो होतो. ताईला वाटतं आई म्हणाली.

मी एकटाच होतो असंही नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. सकाळच्या शिफ्टला त्या रस्त्यावर सायकलींची रांगच्या रांग असायची. स्कूटर जोडायला जाणारी माणसं सायकलवर! दहा-पंधरा वर्षांत तीच माणसं मोटरसायकलवर दिसू लागली. आम्ही त्याला प्रगती म्हणालो, आणि ती होतीही. ज्याला रोज घाट चढायचाय त्याला इंजिन हवंच असतं. पुढे २०२० मध्ये ॲटलसने साहिबाबादचा कारखाना बंद केला. तारीख होती ३ जून, नेमका जागतिक सायकल दिन. बातमी वाचून मला पालकसभा आठवली होती.

रविवारी खुलताबादच्या बसस्टँडजवळ हवा भरायला थांबलो. दुकान आता मुलं चालवतात, चाचा नुसते बाकावर बसलेले असतात. नव्वदीचे असतील. माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाले, "गुरुजींचे ना तुम्ही? कपाळ तेच आहे."

मग बोलत बसले. म्हणाले, गुरुजी शनिवारी संध्याकाळी सायकल आणायचे. चेन काढून रॉकेलमध्ये धुवायची, तेल द्यायचं, दोन्ही चाकांत हवा. मी एकदा विचारलं, गुरुजी, उद्या तर रविवार, शाळा कुठाय? तर म्हणाले, "रोज ती मला नेते. उद्या तिला सुट्टी आहे, फिरवून आणतो." आणि म्हैसमाळला जायचे.

म्हैसमाळ! खुलताबादहून बारा किलोमीटर, आणि आणखी वर. मी चक्रावलोच. तात्या रविवारी म्हैसमाळला जायचे हे आम्हाला माहीत होतं, पण गिरिजादेवीच्या दर्शनाला म्हणून. आईला तसंच सांगून निघायचे. आता विचार करतो तर घरात रोजची पूजासुद्धा आईच करायची. तात्यांनी कधी उदबत्ती लावल्याचं आठवत नाही.

चाचांकडून निघालो आणि वेरूळच्या घाटात सायकल सोडली. पॅडल मारायचं कामच नाही. एका वळणावर खालचा सगळा सपाट मुलूख एकदम उघडतो. वारा कानात शिरतो, डोळ्यांत पाणी येतं. तात्यांना हे रोज सकाळी मिळत होतं. संध्याकाळच्या चढाचा हिशेब आम्ही ठेवला, सकाळच्या उताराचा कुणीच ठेवला नाही. आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. चार मुलांच्या बापाने, मास्तरच्या पगारात, मला मजा येते असं कुणाला सांगायचं?

परत येताना तोच घाट निम्मा ढकलत चढलो. श्रावणी शनिवारी आणि हनुमान जयंतीला शहरातून हजारो लोक रात्रभर चालत भद्रा मारुतीला येतात. सगळ्यांकडे गाड्या असतात, पण त्या दिवशी ते चालतात. कुणी नवस म्हणतं, कुणी श्रद्धा. पण त्या घोळक्यांत हसणं-खिदळणं किती असतं हे ज्याने पाहिलंय त्याला माहीत आहे. त्या घंटीवाल्या डाकवाल्यांतही एखादा असेल, ज्याला त्या झाडांखालून धावायला मनापासून आवडत असेल. त्यानेही कुणाला सांगितलं नसेल. विचारलं कुणी?

रात्री ताईला फोन केला. म्हटलं, "तुला माहितीय, तात्या गिरिजादेवीला कशाला जायचे?"

ती जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मला एकदा पुढे दांडीवर बसवून नेलं होतं. सात-आठ वर्षांची असेन. येताना अख्खा उतार ते गाणं म्हणत होते. खाली आल्यावर म्हणाले, घरी सांगू नकोस हं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"सांगू नकोस म्हणाले होते ना," ताई म्हणाली. आणि मग, "पुढच्या रविवारी जाणार असशील तर हेल्मेट घालून जा. आणि येताना घरी ये, जेवायला."