आयरिश नाट्यचळवळ : अटलांटिकपारचा प्रभाव

डब्लिनच्या ॲबी थिएटरभोवती (स्थापना १९०४) बहरलेल्या आयरिश नाट्यचळवळीने अमेरिकेतील व कॅरिबियन बेटांवरील प्रादेशिक लेखनाला दिलेली चालना. ॲबीच्या नटसंचाने १९११-१२ मध्ये अमेरिकेचा दौरा केला. जे. एम. सिंगच्या ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’वरून तेथे दंगे झाले; पण अमेरिकन नाटककार यूजीन ओनीलला याच प्रयोगांतून नाटकाच्या शक्यता दिसल्या. जेम्स वेल्डन जॉन्सनने १९२२ मध्ये कृष्णवर्णीय कवींपुढे सिंगचाच दाखला ठेवला : बोलीचे वेडेवाकडे स्पेलिंग करून हसे मिळवण्यापेक्षा समाजाच्या आतून आलेली प्रतीके शोधावीत.

हा प्रभाव सर्वांत ठळक दिसतो तो सेंट लुशियाच्या डेरेक वॉलकॉटमध्ये. सिंगच्या ‘रायडर्स टू द सी’मध्ये (१९०४) आयर्लंडच्या पश्चिमेकडील एका बेटावरची मॉर्या समुद्रात एकेक मुलगा गमावते, बुडालेल्या मायकेलची ओळख पटते ती मोज्याचे टाके मोजून. वॉलकॉटचे ‘द सी ॲट डॉफिन’ (१९५४) उघडपणे याच नमुन्यावर बेतलेले आहे. मात्र त्यातले कोळी फ्रेंच क्रिओलमिश्रित इंग्रजी बोलतात आणि वृद्ध हूनाकिन भारतीय वंशाचा आहे. मॉर्या अखेर दैवाला शरण जाते; वॉलकॉटचा कोळी आफा मात्र देव व पाद्री दोघांवरही संतापतो. हे नाटक निव्वळ अनुकरण ठरत नाही ते या संतापामुळेच. वॉलकॉटने सिंगचे ऋण मोकळेपणाने मान्य केले.