ख्रिस्ताच्या यातना पाहताना

मेल गिब्सनचा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ मी वसईत, कॉलेजातल्या एका ख्रिस्ती मित्राच्या घरी पाहिला. ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस होते. फटक्यांचा प्रसंग सुरू झाला आणि मित्राची आई पदर तोंडाला लावून रडू लागली. मी नुसता चुळबुळत होतो. ईसा अलैहिस्सलाम आमचेही पैगंबर. ते क्रुसावर मेले नाहीत, अल्लाहनं त्यांना वर उचलून घेतलं, असं सूरह निसा सांगते. पण समोर पाठीची सालटी निघत असताना अकिदा कुठला आठवतो! मी मान फिरवली.

सिनेमा संपल्यावर तिनं विचारलं, “तुमच्यातही मोहरमला असंच रडतात ना रे?”

“हो मावशी, रडतात,” मी म्हणालो. पुढं काय बोलावं सुचलं नाही. नंतर वाचत गेलो.

पहिली गोष्ट कळली ती अशी की, शुभवर्तमानांत फटक्यांचा उल्लेख जेमतेम एका वाक्याचा आहे. गिब्सननं तो कित्येक मिनिटं चालवला. त्यातला बराच तपशील बायबलमधला नाहीच. अ‍ॅन कॅथरिन एमेरिक नावाच्या जर्मन जोगिणीला झालेले दृष्टान्त कवी ब्रेंटानोनं लिहून काढले आणि तिच्या मृत्यूनंतर, 1833 साली छापले. पिलाताची बायको मरियमला कापड देते आणि ती माउली त्यानं फरशीवरचं रक्त टिपते, हा प्रसंग तिथला. मला सिनेमात सगळ्यात जास्त हलवलं ते त्यानंच, हेही कबूल करतो.

2004 साली राखेच्या बुधवारी तो प्रदर्शित झाला. संवाद अरामी, हिब्रू आणि लॅटिनमध्ये. (अरामीतला ‘मल्का’ ऐकून आपल्या ‘मलिक’ची आठवण होते, कान टवकारतात.) गिब्सननं पदरचे सुमारे 3 कोटी डॉलर घातले, जगभरात कमाई झाली 60 कोटींच्या वर. पण अमेरिकेतल्या यहुदी संघटना प्रदर्शनाआधीपासूनच अस्वस्थ होत्या.

त्यांची भीती हवेतली नव्हती. युरोपात ख्रिस्ताच्या यातनांची नाटकं शतकानुशतकं होत आली. नाटक बघून रडलेली माणसं घरी जाताना यहुद्यांच्या वस्तीवर चालून जात. याच कारणानं 1539 मध्ये रोममधलं नाटक बंद करावं लागलं. बव्हेरियातल्या ओबरअमरगाऊ गावानं प्लेगच्या साथीत नवस बोलून 1634 पासून असंच नाटक सुरू केलं. तीनशे वर्षांनी, 1934 मध्ये, हिटलर ते बघायला आला आणि पुढं त्यानं त्याचं कौतुकही केलं.

मत्तयच्या शुभवर्तमानात जमाव ख्रिस्ताच्या रक्ताची जबाबदारी स्वतःवर आणि मुलाबाळांवर घेतो. सगळ्या पिढ्यांतल्या यहुद्यांना त्यासाठी दोषी धरू नये, असं कॅथलिक चर्चनं 1965 मध्ये स्पष्ट केलं. गिब्सननं ते वाक्य अरामीत तसंच ठेवलं, फक्त त्याखालचं भाषांतर काढलं. मला ही पळवाट वाटते.

इथवर वाचताना मला सारखं लखनौ आठवत होतं. इमाम हुसैन 680 मध्ये करबलात शहीद झाले. त्यांच्या दुःखात आपल्याकडं मर्सिये झाले, मजलिसी झाल्या, हिंदूंनीही ताबूत बसवले. ते सगळं मला प्रिय आहे. पण त्याच लखनौत मोहरमच्या निमित्तानं शिया आणि सुन्नी एकमेकांच्या जिवावर उठले. 1977 पासून वीसेक वर्षं मिरवणुकांवर बंदी होती. यजीद तेराशे वर्षांपूर्वीच मेला. दगड मात्र शेजारच्या गल्लीत पडत होते. मावशींना मी नुसतं “हो” म्हणालो, त्यात हे सांगायचं राहिलं.

ओबरअमरगाऊ गावानं नाटक थांबवलं नाही. ख्रिश्चन श्ट्युकल या दिग्दर्शकानं 1990 पासून संहितेत बदल करत नेले. त्यांचा येशू आता हिब्रूत प्रार्थना करणारा यहुदी आहे. क्रूस, रक्त, आईचा आक्रोश सगळं आहे आणि लोक अजून रडतात. करोनामुळं दोन वर्षं लांबलेला प्रयोग 2022 मध्ये झाला. उपदिग्दर्शक होते अब्दुल्ला करजा, तुर्की कुटुंबातले. आणि ज्यूडासची भूमिका त्याच गावातल्या एका मुस्लिम तरुणानं केली.