गॉर्डन हॉल यांचे दोन परवाने

परदेशातून येऊन मराठीत रुजलेल्या ख्रिस्ती धर्मप्रचारकांचा विषय निघाला, की आपल्या भागात पहिले नाव घेतले जाते ते फादर थॉमस स्टीफन्स यांचे. ते यथायोग्यच आहे. १५७९ साली गोव्यात उतरलेले हे इंग्रज जेझुइट पुन्हा मायदेशी गेले नाहीत. साष्टीच्या गावांतून चाळीस वर्षे राहून त्यांनी जी मराठी आत्मसात केली, तिचे फळ म्हणजे १६१६ साली रायतूर येथे छापलेले ओवीबद्ध ख्रिस्तपुराण. या ग्रंथाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व पुढेही लिहिले जाईल. परंतु स्टीफन्स आले ते पोर्तुगीज सत्तेच्या छत्राखाली, हेही विसरता येत नाही. ज्यांच्या पाठीशी कोणतीच सत्ता नव्हती, किंबहुना सत्ता ज्यांना हाकलून देण्याच्या खटपटीत होती, असे परदेशी मिशनरी मराठी मुलुखात कसे स्थिरावले, हा प्रश्न आम्हांस अधिक विचार करण्याजोगा वाटतो. म्हणून प्रस्तुत लेखात दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. आमचा व्यवसाय वकिलीचा असल्याने या हकीकतीच्या कायदेशीर बाजूकडे आमचे लक्ष आधी गेले, हे वाचकांनी समजून घ्यावे.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलम या बंदराच्या गावी पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली. अडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, ल्यूथर राइस आणि गॉर्डन हॉल ही त्यांची नावे. त्यांना पाठविणारे अमेरिकन बोर्ड स्थापन होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. अमेरिकेतून आशिया खंडाकडे निघालेले हे पहिलेच मिशनरी. त्यामुळे त्यांना वाट दाखविणारे आपल्या देशाचे कोणी माणूस पुढे नव्हते. त्याच महिन्यात दोन निरनिराळ्या जहाजांतून ते कलकत्त्याकडे निघाले.

त्या काळचा कायदा येथे ध्यानात घेतला पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलुखात तिच्या परवान्यावाचून कोणाही युरोपियनाला राहता येत नसे. धर्मप्रचारकांना हिंदुस्थानात मुभा असावी अशी तरतूद १७९३ च्या सनदेत घालण्याचा विल्बरफोर्स यांचा प्रयत्न फसला होता. १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर तर मिशनरी म्हणजे गडबडीचे कारण, अशी कंपनीच्या अधिकाऱ्यांची धारणा झाली. विल्यम केरी यांच्यासारख्या इंग्रज मिशनऱ्यांनीसुद्धा त्याआधीच कंपनीची हद्द टाळून डॅनिश अमलाखालील श्रीरामपूर गाठले होते, ते परवान्याच्या अडचणीमुळेच. अमेरिकनांची स्थिती त्याहून वाईट झाली. त्यांच्यातले काही जण अद्याप समुद्रावर असतानाच, जून १८१२ मध्ये, अमेरिका व ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले. कलकत्त्यास पोहोचलेले हे लोक आता केवळ बिनपरवाना उपरे राहिले नव्हते, शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले होते.

त्यांना देश सोडण्याचा हुकूम मिळाला आणि या लहानशा मंडळीची पांगापांग झाली. जडसन व राइस यांनी बॅप्टिस्ट मत स्वीकारले. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. न्यूएल व त्यांची पत्नी हॅरिएट मॉरिशस बेटाकडे निघाले. वाटेत जहाजावर हॅरिएटबाईंना मुलगी झाली, ती वारली, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी त्या बेटावर हॅरिएटबाईंचाही अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे १९ वर्षांचे होते. न्यूएल एकटे सिलोनमार्गे १८१४ साली मुंबईस येऊन पोहोचले. परदेशी जाऊन नवे आयुष्य मांडणे हे शब्द आपण सहज उच्चारतो. त्या काळी त्यांची किंमत काय होती, हे या एका उदाहरणावरून कळावे.

हॉल आणि नॉट दांपत्य मात्र कसेबसे जहाज मिळवून ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. त्यांना इंग्लंडला रवाना करावे, असे कलकत्त्याचे फर्मान त्यांच्या आधीच येऊन थडकले होते. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे धर्मकार्याविषयी सहानुभूती असलेले गृहस्थ. पण वरिष्ठांचा हुकूम मोडणे त्यांच्या अधिकारात नव्हते. त्यांनी उघड परवानगी दिली नाही आणि तातडीने हाकलूनही दिले नाही. पुढचे दहा महिने अर्ज, खुलासे व विनंतिपत्रे यांत गेले. मध्येच हॉल आणि नॉट गुपचूप एका गलबतात बसून कोचीनला निघून गेले. सिलोनला पोहोचावे असा त्यांचा बेत होता. तेथून त्यांना पकडून पुन्हा मुंबईस आणले. एका वकिलाच्या नजरेने पाहता ही चूकच होती. ज्याच्या दयेवर प्रकरण अवलंबून आहे, त्याला न सांगता हद्द सोडणे म्हणजे आपल्याच बाजूची हानी करून घेणे होय.

डिसेंबर १८१३ मध्ये त्यांना पाठविण्याची तारीख ठरली. तेव्हा हॉल यांनी गव्हर्नरांना अखेरचे निवेदन लिहिले. त्याचा रोख कायद्यापेक्षा सदसद्विवेकबुद्धीकडे होता. कायद्याचा मुद्दा आपल्या बाजूने नाही, हे त्यांनी ओळखले होते. रवानगी थांबली आणि ‘पुढील हुकूम होईपर्यंत’ राहू देण्यात आले. त्याच वर्षी विलायतेत नव्या सनदेचा कायदा संमत झाला होता. शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये, ही त्यातली तरतूद आपण शाळेपासून ऐकतो. धर्मप्रचारकांनी परवानगीसाठी अर्ज कसा करावा आणि संचालकांनी नकार दिल्यास कोणाकडे दाद मागावी, याचेही कलम त्याच कायद्यात आहे. ते कलम या अमेरिकनांना नेमके लागू पडत नव्हते; पण वारे फिरले होते. कंपनीच्या संचालकांपैकी चार्ल्स ग्रँट यांनी त्यांची बाजू उचलून धरली आणि अखेरीस त्यांना राहू देण्याचे ठरले. मुंबईतील अमेरिकन मराठी मिशनचा पाया असा, एका तहकुबीवर घातला गेला.

हा झाला पहिला परवाना. दुसरा परवाना देणारे कार्यालय कोणतेही नव्हते. तो मराठी बोलणाऱ्या माणसांकडून मिळवायचा होता.

आमच्या मते हॉल यांची खरी पारख येथे होते. उद्या हाकलले जाऊ की परवा, हे ठाऊक नसतानाही त्यांनी मुंबईत पाय ठेवल्यापासून मराठीचा अभ्यास सुरू केला. मुंबईत तेव्हा इंग्रजी ही साहेबांची भाषा, गुजराती ही व्यापाराची, आणि पोर्तुगीज व हिंदुस्थानीही कानी पडत. बेटावरच्या बहुसंख्य लोकांची व पलीकडच्या साऱ्या मुलुखाची भाषा मराठी आहे, हे ओळखून त्यांनी तीच धरली. साधने तुटपुंजी होती. केरी यांचे १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा, मोडी अक्षरांत छापलेला कोश एवढेच काय ते छापील साहित्य. तेही बंगालमध्ये तयार झालेले. मोल्सवर्थ यांचा कोश निघण्यास अद्याप बराच काळ होता. म्हणून पंतोजीसमोर बसून उच्चार घोटायचे, मग रस्त्यावर, बाजारात, देवळापाशी जमलेल्या लोकांशी बोलायचे, आणि लोक हसले की परत येऊन चूक शोधायची, हाच त्यांचा अभ्यासक्रम झाला. १८१५ पासून त्यांनी मराठी शाळा उघडण्यास आरंभ केला. १८१६ साली हॉल यांनी मार्गारेट लुईस या इंग्रज बाईंशी विवाह केला. त्या मुंबईतच राहत होत्या आणि येथली भाषा त्यांना अवगत होती. मराठी आता त्यांच्या घरातही आली.

१८१६ च्या अखेरीस होरेशिओ बार्डवेल हे छपाई जाणणारे सहकारी येऊन मिळाले आणि १८१७ साली मिशनच्या छापखान्यातून पहिले लहानसे मराठी पुस्तक बाहेर पडले. मराठी छपाईच्या इतिहासात या छापखान्याचे स्थान मोठे आहे. येथेच तयार झालेल्या टॉमस ग्रॅहम यांनी पुढे मराठी टाइप सुबक केला. येथल्या छपाईचे अनुकरण करीत गणपत कृष्णाजी यांनी आपला छापखाना उभारला आणि छापील मराठी पंचांग घरोघरी नेले. निर्णयसागरचे जावजी दादाजी यांनीही टाइपाची विद्या लहानपणी याच कारखान्यात पाहिली. पाद्र्यांनी आणलेल्या यंत्रविद्येतून पंचांगे, पोथ्या आणि संस्कृत ग्रंथ छापले जावेत, हे पाठविणाऱ्या बोर्डाच्या स्वप्नातही नसेल. मराठी माणसाने विद्या घेतली आणि तिचा उपयोग आपल्या मनाप्रमाणे केला.

या मंडळींच्या उद्दिष्टाविषयी आम्ही भाबडेपणा बाळगू इच्छित नाही. ते येथे धर्मांतरासाठीच आले होते, आणि येथल्या धर्माविषयी त्यांचे लिखाण कित्येकदा अनुदार होते. त्या उद्दिष्टात पहिली कित्येक वर्षे त्यांना यश जवळजवळ आलेच नाही. लोक ऐकून घेत, वाद घालीत आणि घरी जात. पुढे विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांशी जे वाद केले, ते मराठीत झाले. मिशनऱ्यांनी लोकांची भाषा शिकली, तिचे एक फळ असे की लोकांना त्याच भाषेत त्यांचे खंडन करता आले. परकी सत्ता आपल्या भाषेत हुकूम देते, त्याला उत्तर देण्याची सोय नसते. रस्त्यावर उभे राहून मोडक्या मराठीत बोलणाऱ्या माणसाला उत्तर देता येते. या दोहोंतला भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो.

या स्थिरावण्याची किंमत मृत्यूने वसूल केली. न्यूएल १८२१ साली मुंबईत पटकीने वारले. नॉट यांना प्रकृती ढासळल्यामुळे १८१५ सालीच परतावे लागले होते. १८२५ साली हॉल यांच्या पत्नी दोन मुलांना घेऊन अमेरिकेस निघाल्या. त्यांतील एक मूल वाटेत दगावले. हॉल मागे राहिले. बायबलच्या नव्या कराराचे मराठी भाषांतर पुरे व्हायचे होते. मार्च १८२६ मध्ये ते पुस्तके आणि औषधे घेऊन नाशिककडे गेले. त्या भागात पटकीची साथ होती. जवळची औषधे त्यांनी वाटून टाकली आणि परतीच्या वाटेवर एका खेड्यातील देवळाच्या ओसरीवर रात्री मुक्काम केला. तेथेच त्यांना पटकीने गाठले आणि २० मार्च रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नवा करार त्याच वर्षी छापून पुरा झाला.

हॉल गेले तरी मिशन टिकले. १८२७ साली आलेल्या मिस सिंथिया फॅरार या अविवाहित बाईंनी मुंबईत व नंतर अहमदनगरात मुलींच्या शाळांत आयुष्य वेचले आणि १८६२ साली नगरातच त्या निवर्तल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली, हे सर्वश्रुत आहे. १८४२ साली नगरात ‘ज्ञानोदय’ पत्र निघाले. पुढे त्याच नगरच्या मंडळीत रेव्हरंड नारायण वामन टिळक आले आणि परक्या चालींवर बेतलेल्या प्रार्थनागीतांच्या जागी त्यांनी ओवी-अभंगाची चाल आणली. सेलमहून निघालेले बी मराठी मातीत रुजण्यास अशी ऐंशी वर्षे लागली, आणि रुजले ते मराठी माणसाच्याच हातून.

आमच्या बेळगावातही १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीने ठाणे उघडले. कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांत काम केल्यावाचून येथे निभाव लागणार नाही, हे त्या मंडळींना लगेच उमगले. त्यांना कोणी भाषेचा कायदा दाखविला नव्हता. समोरचा माणूस कोणत्या भाषेत घरी बोलतो, एवढेच त्यांनी पाहिले.

तीस वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढताना आम्ही अनेक वृद्ध पक्षकार पाहिले, ज्यांना आपल्याच जमिनीचा निकाल दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागतो. या गावचे पिढीजात रहिवासी असूनही त्या क्षणी ते परके होतात. अशा वेळी आम्हांस गॉर्डन हॉल आठवतात. ते सातासमुद्रापलीकडून आले, वास्तव्याचा कागद हाती नसताना त्यांनी मराठीची मुळाक्षरे हाती घेतली, आणि या मातीत ते कायमचे विसावले. त्यांच्या धर्ममताशी आमचा संबंध नाही. परंतु ज्याला लोकांशी काही बोलायचे आहे, त्याने आधी लोकांची भाषा शिकावी, एवढी गोष्ट त्यांनी दोनशे वर्षांपूर्वी ओळखली होती, याची नोंद आपण अवश्य ठेवावी.